भिंत आणि तिचें पांघरूण

(नभोवाणीवरील भाषण)

घर बांधतांना माणूस छपराची जितकी चिंता करतो तितकी भिंतीची करीत नाहीं. छप्पर गळूं लागलें कीं थेंब डोक्यावरच पडतो. त्यामुळें त्याची दाद तत्काळ घ्यावी लागते. भिंतीचें तसें नाहीं. ती सोशिक असते. तिच्यांत शिरलेलें पाणी कित्येक महिने, कधीं कधीं कित्येक वर्षें, मुकाट्यानें आपलें काम करीत राहतें. आणि ज्या दिवशीं रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागें बुरशीचा काळा डाग दिसतो, किंवा खिडकीच्या चौकटींत बोट सहज रुततें, त्या दिवशीं घरधन्याला कळतें कीं शत्रु केव्हांच तटाच्या आंत आलेला आहे. मग आपण काय करतों? बाहेरून आणखी एक लेप देतों, पत्रे ठोकतों, फरशा चिकटवितों. म्हणजे ओल्या अंगावर आणखी एक घट्ट पांघरूण घालतों. आजच्या भाषणांत मला या पांघरुणाविषयींच बोलावयाचें आहे. तें घालावें कीं नाहीं हा प्रश्न नाहीं. तें कसें घालावें, आणि तें व भिंत यांच्यामध्यें काय ठेवावें, हा प्रश्न आहे. उत्तर थोडक्यांत असें कीं, मध्यें मोकळी जागा ठेवावी. पण हें उत्तर जितकें लहान तितकी त्यामागची हकीकत मोठी आहे.

प्रथम पाणी भिंतींत शिरतें तरी कसें तें पाहूं. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळानें १९६३ सालीं जी. के. गार्डन यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत सांगितलेलें सूत्र कोणाही गृहिणीला पटेल इतकें सोपें आहे. भिंतीवर पाणी असलें पाहिजे, भिंतीला छिद्र असलें पाहिजे, आणि त्या छिद्रांतून पाण्याला आंत लोटणारें बल असलें पाहिजे. या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच पाणी आंत येतें. तिहींपैकीं एक जरी काढून घेतली तरी तें बाहेर राहतें.

आतां एकेक गोष्ट घेऊं. भिंतीवर पाणीच पडूं द्यावयाचें नाहीं असें ठरविलें, तर वळचण रुंद काढावी, खिडक्यांवर छज्जे घालावे, पडवी उतरवावी. हा उपाय उत्तम आहे व जुनाही आहे. पण उंच इमारतींना तो पुरा पडत नाहीं, कारण झडीचा पाऊस उभा पडत नाहीं, तो आडवा येतो. छिद्रच ठेवावयाचें नाहीं असें ठरविलें, तर सांधा न् सांधा बुजवावा लागतो. आधुनिक बांधकामाचा बराचसा भर या दुसऱ्या उपायावर राहिला आहे. सांधे भरण्याचीं नवीं नवीं लुकणें निघालीं, रबरासारखे ताणणारे लेप निघाले. परंतु घर उन्हानें फुगतें, थंडीनें आकसतें, लांकूड ओलाव्यानें वळतें, इमारत थोडीशी बसते. आणि लुकण उन्हांत वाळून कधीं ना कधीं तडकतेंच. शंभर सांध्यांपैकीं नव्याण्णव नीट बुजविले आणि एक राहिला, तर पाणी नेमका त्या एकाचा पत्ता शोधून काढतें.

तेव्हां उरलें तें तिसरें कलम, म्हणजे पाण्याला आंत लोटणारें बल. हें बल एक नाहीं, मुख्यत्वें चार आहेत. पहिलें गुरुत्वाकर्षण: फट आंतल्या बाजूस उतरती असेल तर पाणी आपल्या वजनानेंच आंत येतें. दुसरें थेंबाचा स्वतःचा वेग: फट मोठी असेल तर तो सरळ आंत उडी घेतो. तिसरें केशाकर्षण, ज्याच्या योगानें समईची वात तेल वर ओढून घेते. १ मिलिमीटर रुंदीच्या फटींत पाणी सुमारें १५ मिलिमीटर वर चढूं शकतें. फट त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी अरुंद असेल तर तेंच पाणी १५ सेंटिमीटर चढतें. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी फट दिसणाऱ्या फटीपेक्षां अधिक तहानलेली असते. चौथें आणि सर्वांत कपटी बल वाऱ्याच्या दाबाचें. ताशीं ३६ किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर अडला म्हणजे जो दाब उत्पन्न होतो, तो सुमारें ६ मिलिमीटर उंचीचें पाणी पेलूं शकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो, आणि मग २४ मिलिमीटर पाणी तो उचलून धरतो. घराच्या आंतला दाब त्या मानानें कमी असतो. त्यामुळें बाहेरची हवा फटींतून आंत धांवते आणि फटीच्या तोंडाशीं असलेला थेंब बरोबर घेऊन जाते.

या चारही बलांवर एकच तोड आहे, आणि ती म्हणजे भिंतीपुढें एक पडदा उभा करून दोहोंमध्यें बोटभर पोकळी ठेवणें. पडद्यावर पाऊस आदळतो. थेंबाचा वेग तेथेंच मरतो. जें थोडें पाणी पडद्याच्या सांध्यांतून आंत येतें त्याला पुढें जाण्यास पूल मिळत नाहीं, कारण १० मिलिमीटरांच्या पोकळीवरून केशाकर्षणाला उडी मारतां येत नाहीं. तें पाणी पडद्याच्या आंतल्या अंगानें खालीं ओघळतें. म्हणजे गुरुत्वाकर्षण येथें शत्रु न राहतां चाकर बनतें. आणि पोकळी खालून बाहेरच्या हवेला मोकळी असल्यामुळें, बाहेर वाऱ्याचा दाब वाढला कीं पोकळींतलाही दाब वाढतो. पडद्याच्या दोन्ही अंगांस दाब जवळजवळ सारखा झाल्यावर थेंबाला आंत ओढणार कोण? खरी हवाबंद भिंत मागें कोरडी उभी असते, आणि तिच्या सांध्यांना पाऊस शिवतही नाहीं. नॉर्वेमध्यें बिर्कलंड या संशोधकानें १९६२ सालीं हाच विचार शास्त्रीय भाषेंत मांडला होता. एकाच थरानें सर्व कांहीं अडवावें हा हट्ट सोडून पाऊस अडविण्याचें काम एकाकडे आणि वारा अडविण्याचें दुसऱ्याकडे सोंपवावें, हें त्याचें सार.

कोंकणांतील श्रोत्यांना हें ऐकून कदाचित् हसूं येईल. मृगापूर्वीं घराच्या पावसाळी अंगाला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झांप उभे करण्याची चाल त्यांच्या आजोळीं होतीच. झांप मातीच्या भिंतीला लिंपून टाकीत नसत. बांबूच्या आधारानें तो भिंतीपासून थोडा अलग उभा राही. झडीचा मारा तो आपल्या अंगावर घेई, पाणी पानापानांवरून खालीं उतरे, आणि मागून वारा खेळत राही. पाऊस संपला कीं झांप काढून टाकीत आणि भिंतीला ऊन देत. ज्यांनीं हें केलें त्यांनीं दाबाचीं समीकरणें मांडलीं नव्हतीं. पण मातीची भिंत भिजली तर पडते हें त्यांनीं पाहिलेलें होतें, आणि तेवढें ज्ञान त्यांना पुरलें.

हें ज्ञान विसरल्यास काय होतें, याचें उदाहरण मात्र आपल्याकडचें न घेतां दूरच्या, सुधारलेल्या व श्रीमंत देशांतलें घेतों. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूवर नांवाचें शहर आहे. तेथें पाऊस मुंबईच्या जवळजवळ निम्माच पडतो. पण तो हिंवाळ्यांत, थंडींत, आठवडेच्या आठवडे पडत राहतो, आणि मध्यें वाळावयास ऊन मिळत नाहीं. १९८० नंतरच्या दोन दशकांत त्या शहरांत व आसपास लांकडी सांगाड्याच्या तीन चार मजली इमारती शेंकड्यांनीं उभ्या राहिल्या. फॅशन भूमध्य समुद्राच्या कांठची होती: वळचण नाहीं, छज्जा नाहीं, सपाट भिंत आणि तिच्यावर गुळगुळीत गिलावा. गिलाव्यामागें कागद, कागदामागें लांकडाच्या चिपांचे दाबलेले तक्ते, आणि अगदीं आंतल्या बाजूस, घरांतली वाफ भिंतींत जाऊं नये म्हणून लावलेला प्लॅस्टिकचा पडदा. पोकळी कोठेंच नाहीं. खिडकीच्या कोपऱ्यांतून, सज्जाच्या कठड्यापाशीं, दोन भिंतींच्या सांध्यांतून पाणी आंत गेलें. बाहेर येण्यास त्याला वाट नव्हती: पुढें गिलावा, मागें प्लॅस्टिक. लांकडाच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा २० पर्यंत ओलावा असला तरी लांकूड सुरक्षित राहतें. शेंकडा २८ ते ३० च्या पुढें ओलावा टिकून राहिला कीं कुजविणारी बुरशी वाढूं लागते. व्हँकूवरच्या भिंतींत तो टिकून राहिला. गिलावा फोडून पाहिला तेव्हां आंतलें लांकूड हातानें उपसून काढावें अशा स्थितीला आलेलें होतें.

ही घरें सामान्य नोकरदारांनीं, कित्येक निवृत्त वृद्धांनीं, आयुष्याची शिल्लक घालून घेतलेलीं होतीं. दुरुस्तीचा खर्च सर्व सदनिकाधारकांवर वांटून येई, आणि एकेका कुटुंबाच्या वांट्याला आलेला आंकडा त्याच्या कुवतीबाहेरचा असे. बांधणाऱ्या कंपन्या पुष्कळदां विसर्जित झालेल्या असत. दाद मागावी तर कोणाकडे? प्रांतिक सरकारनें १९९८ सालीं माजी मुख्य प्रधान डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी नेमली. त्याच वर्षीं घरमालकांच्या संरक्षणासाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढें दुरुस्तीसाठीं बिनव्याजी कर्जें देण्याची सोय करावी लागली. तज्ज्ञांनीं बिघडलेल्या भिंतींची पाहणी केली तेव्हां एक साधी गोष्ट दिसून आली. वळचण जितकी रुंद, तितक्या बिघडलेल्या भिंती कमी. आणि दोष बहुधा सपाट भिंतीच्या मध्यभागीं नव्हता. तो खिडक्या, सज्जे, कठडे जेथें भिंतीला भेटतात त्या सांध्यांत होता. त्यानंतर तेथील बांधकामांत भिंत आणि बाह्य आच्छादन यांच्यामध्यें पोकळी ठेवण्याची सक्ती आली.

न्यूझीलंडची कथाही अशीच. तेथें १९९० च्या दशकांत सांगाड्यासाठीं औषधप्रक्रिया न केलेलें पाइनचें लांकूड वापरण्यास मोकळीक मिळाली, आणि त्याच सुमारास सांगाड्यावर थेट तक्ते ठोकून वर गिलावा करण्याची टूम निघाली. प्रत्येक बदल एकटा असता तर कदाचित् निभावलाही असता. दोन्ही मिळून घात झाला. २००२ सालीं डॉन हन यांच्या समितीचा अहवाल आला, आणि तंटे सोडविण्यासाठीं त्याच वर्षीं खास कायदा करावा लागला. २००९ सालच्या एका अंदाजाप्रमाणें सुमारें ४२ हजार घरें या रोगानें पछाडलेलीं होतीं आणि नुकसान ११ अब्ज डॉलरांहून अधिक होतें. त्या देशाच्या नव्या नियमांत घराची कुंडलीच मांडली जाते: वारा किती, मजले किती, छप्पर व भिंत कोठें कशीं मिळतात, वळचणीची रुंदी किती, आकार किती गुंतागुंतीचा, सज्जे कसे. या सहा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात, आणि बेरीज वाढली कीं सुमारें २० मिलिमीटरांची पोकळी ठेवावीच लागते. आपल्यांपैकीं पुष्कळांचे आप्त आज या दोन्ही देशांत घरें घेत आहेत. त्यांनीं घर पाहतांना स्वयंपाकघराच्या ओट्याबरोबर या गोष्टीचीही चौकशी करावी.

आपल्या देशीं भिंती विटांच्या वा काँक्रीटच्या; त्या लांकडाप्रमाणें कुजत नाहींत. मग ही पीडा आपल्याला नाहींच काय? आहे, पण तिचें रूप निराळें आहे. ओल्या भिंतीला लोणा लागतो, गिलावा सुटतो, काँक्रीटमधील लोखंड गंजून फुगतें आणि वरचें आवरण फोडतें. शिवाय हल्लीं शीतयंत्रानें एक नवीन भानगड उत्पन्न केली आहे. श्रावणांत बाहेरची हवा २८ अंशांची आणि शेंकडा ९० आर्द्रतेची असेल, तर ती सुमारें २६ अंशांपर्यंत निवतांच तिच्यांतील वाफेचें दंव होऊं लागतें. खोली आपण २४ अंशांवर ठेवतों. भिंत बाहेरून भिजलेली, तिच्यावर मध्येंच ऊन पडतें, वाफ आंतल्या बाजूस लोटली जाते, आणि तेथें आपण हौसेनें लावलेला प्लॅस्टिकचा भित्तिकागद किंवा चकचकीत तैलरंग तिची वाट अडवून बसलेला असतो. त्या गार कागदामागें दंव सांचतें आणि बुरशी धरते. घरांत कुबट वास येतो, मुलांना खोकला येतो, आणि आपण कागद पुसून काढतों. रोग कागदामागें असतो.

म्हणून पहिला नियम असा: भिंतीला निदान एक अंग वाळण्यास मोकळें हवें. दोन्ही अंगांनीं तिला कोंडूं नये. आपल्यासारख्या उष्ण व दमट हवेंत, जेथें खोल्या यंत्रानें गार केल्या जातात, तेथें आंतला रंग वाफ जाऊं देणारा असावा. चुन्याचा जुना हात या कामीं पुष्कळ महाग रंगांहून सरस ठरतो.

दुसरा नियम: ओल्या भिंतीवर पांघरूण घालूं नये. आधीं ओल कोठून येते तें ओळखावें. जमिनीलगतची, सर्वत्र सारख्या उंचीची ओल बहुधा जोत्यांतून वर चढलेली असते. चैत्र वैशाखांतही जी वाळत नाहीं ती नळाची वा मोरीची. पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर जी मोठ्या पावसानंतर उमटते आणि उघाडींत फिकी होते, ती मात्र पावसाची. आणि पडद्याचा उपाय फक्त या तिसरीवर चालतो. नळ फुटला असतांना बाहेरून पत्रे लावणें म्हणजे पोटदुखीवर टोपी बदलण्यासारखें आहे. भिंतीला दिवाळीपासून शिमग्यापर्यंत वाळूं द्यावें, तडे बुजवावे, आणि मग कामाला हात घालावा.

तिसरा नियम पोकळीच्या रचनेचा. पत्रे, फळ्या, फरशा, कांहींही लावावयाचें असो, आधीं भिंतीवर रिपा उभ्या ठोकाव्या, आडव्या नव्हेत. आडवी रीप म्हणजे पाण्याला घातलेला बांध, त्यावर पाणी व धूळ साठून राहते. पत्र्याच्या नळ्या उभ्या असल्यामुळें तो आडव्या आधारावरच बसवावा लागत असेल, तर आडवे आधार उभ्या रिपांवर ठोकावे, म्हणजे त्यांच्या मागून पाण्याला वाट राहील. पोकळीचें खालचें तोंड उघडें ठेवावें, आणि तें जमिनीपासून निदान वीतभर वर असावें, नाहींतर उडणारा चिखल व वाळवी यांना आंत जाण्याचें आमंत्रण मिळतें. त्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, कारण मोकळी जागा दिसली कीं उंदीर, पाली आणि गांधीलमाश्या भाड्याशिवाय राहावयास येतात. वरच्या कडेलाही, छपराच्या आडोशाला, हवेला वाट ठेवली तर ऊन पडल्यावर पोकळींतली हवा तापून वर चढते व ओल घेऊन बाहेर पडते. भर पावसाळ्यांत बाहेरची हवाच इतकी ओली असते कीं वायुवीजनानें फार कांहीं वाळत नाहीं. त्या दिवसांत पोकळीचें मुख्य काम पाण्याला उतरूं देण्याचें. वाळविण्याचें काम ती उघाडींत करते. म्हणून खालचें तोंड महत्त्वाचें. आणि कारागीर नेमकें तेंच नीटनेटकें दिसावें म्हणून लुकणानें बंद करून टाकतो. त्या वेळीं घरधन्यानें स्वतः उभें राहिलें पाहिजे.

चौथा नियम खिडकीचा. खिडकीच्या वर पत्र्याची पट्टी अशी बसवावी कीं तिचें मागचें टोंक भिंतीलगत वर वळलेलें आणि पुढचें बाहेरच्या बाजूस उतरतें असेल. पोकळींतून आलेलें पाणी तिच्यावरून बाहेर पडावें. खिडकीच्या तळालाही बाहेर उतार हवा. छज्ज्याच्या खालच्या पृष्ठाला कडेलगत एक खांच ठेवली म्हणजे पाणी छज्ज्याखालून भिंतीकडे परत येत नाहीं. जुने गवंडी ही खांच न सांगतां ठेवीत. आज ती मागून घ्यावी लागते.

येथपर्यंत पोकळीचे गुण सांगितले. आतां तिचा एक भयंकर अवगुण सांगितल्याखेरीज हें भाषण पुरें करणें योग्य होणार नाहीं. जी पोकळी पाण्याला खालीं वाट देते ती आगीला वर वाट देते. उंच इमारतींत खालपासून वरपर्यंत अखंड गेलेली पोकळी म्हणजे धुराड्याची नळीच होय. लंडन येथील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला १४ जून २०१७ रोजीं आग लागली. चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरांत सुरू झालेली ती आग बाहेरच्या आच्छादनांतून अल्पावधींत माथ्यापर्यंत पोंचली, आणि ७२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. आच्छादनाच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्यें पॉलिएथिलीनचा गाभा होता, म्हणजे जळणारें द्रव्य; आणि पोकळींत जागोजागीं ज्या आगरोधक आडपट्ट्या असावयास हव्या होत्या, त्यांत दोष होते. तशाच दिसणाऱ्या पत्र्यांनीं आपल्या शहरांतील कितीतरी दर्शनी भिंती मढविलेल्या आहेत. दिसण्यांत जळणारा व न जळणारा गाभा सारखाच. म्हणून सोसायटीच्या सभेंत इमारतीला नवें आच्छादन लावण्याचा ठराव आला कीं दोन प्रश्न विचारावे. गाभा कशाचा आहे, आणि प्रत्येक मजल्याला पोकळी आगीपुरती बंद करण्याची योजना काय आहे? एरवीं हवेला वाट देणाऱ्या परंतु उष्णता लागतांच फुगून ती वाट बंद करणाऱ्या पट्ट्या आतां मिळतात. त्यांना दर थोडा अधिक पडतो. रंगाची छटा निवडण्यासाठीं जी सभा दोन तास चालते, तिनें या दोन प्रश्नांना अर्धा तास द्यावा, इतकीच विनंति आहे.

श्रोतेहो, घराच्या बाहेरचें पांघरूण बहुधा शोभेसाठीं निवडलें जातें, आणि शोभा वर्ज्य आहे असें माझें म्हणणें नाहीं. पण ज्या कर्जाचे हप्ते वीस वर्षें फेडावयाचे आहेत, त्या घराची भिंत निदान तितकीं वर्षें कोरडी राहावी ही अपेक्षा कांहीं अवाजवी नाहीं. पाणी येणारच, हें एकदां मनाशीं मान्य केलें म्हणजे त्याला परत जाण्याची वाट ठेवण्याची बुद्धि होते. येत्या पावसाळ्यांत पहिली मोठी सर पडून गेल्यावर छत्री घेऊन एकदां घराभोंवतीं फिरून या. कोणती भिंत आधीं भिजते, कोठें पाणी अडतें, कोणती बाजू सर्वांत उशीरां वाळते, तें पाहून वहींत टिपून ठेवा. कंत्राटदार येईल तेव्हां ती वही त्याच्यापुढें ठेवावी. बोलणें मग मुद्द्याचें होईल.